मावशीची माळ

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशिंदला गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "गेली गो तुजी मावशी," काका एवढंच बोलले. मग बराच वेळ फोनमधून त्यांच्या अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत राहिला...

मला दिसते ती वैशाखरे गावातल्या घरात, चुलीच्या धुरात बसलेली मावशी. तांदळाची भाकरी थापताना बांगड्या वाजायच्या आणि तोंडाने कुणाची तरी टिंगल चालायची. गेल्या वर्षी त्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, पोट मात्र वाढत गेलं. "या वयात पालना हलवते बघ मी," असं म्हणून तीच सगळ्यांना हसवायची. पाय इतके सुजले की बोटांत रुतलेली जोडवी कापून काढावी लागली. डोळे पिवळे झाले तेव्हा काकांनी काविळीची माळ आणली.

वाटीच्या तोंडाएवढी, झाडाच्या काड्यांची ही माळ आमच्याकडे डोक्यावर ठेवतात. कावीळ उतरेल तशी माळ लांबते आणि गळ्यात येते, असं सगळे मानतात. मावशीची माळ खरंच लांबली, छातीवर आली. काका ती रोज वितीने मोजायचे आणि मला फोन करायचे. काड्या सुकल्या की दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, हे मला ठाऊक होतं. तरी ऐकायला बरं वाटायचं, मावशीवर माझा फार जीव होता.

पुढे ती दिवसभर झोपू लागली आणि रात्र जागून काढू लागली. मी तिला भेटायला गेले होते, तेव्हा एका दुपारी मात्र उठून भाकरी थापायला बसली. हात पिठावर टेकेचना, हवेतच फडफडत राहिला. माझ्याकडे बघून म्हणाली, "आक्का, पानी आनलंस का गो?" आक्का म्हणजे माझी आई. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी "आणलं" म्हटलं आणि तिच्याजवळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला मुरबाडला नेलं. तिचे हात समोर धरायला लावून डॉक्टरांनी पाहिलं आणि आम्हाला बाजूला घेतलं. लिव्हर संपत आलं आहे, हात असे फडफडणं, भ्रम होणं ही शेवटाकडची लक्षणं, असं ते हळू आवाजात म्हणाले. काकांना ते पटेना. "पन डॉक्टर, माळ तर बेंबीपतुर आली," ते म्हणाले.

तेराव्यानंतर माळ पाण्यात सोडायची ठरली, पण काकांनी ती दिली नाही. चुलीमागच्या खिळ्याला ती टांगलेली आहे. परवा मी गेले तेव्हा काका तिथेच उभे राहून वितीने मोजत होते.

"आजून उतरते गो," ते म्हणाले.

मी जवळ जाऊन पाहिलं... माळ खरंच लांबली होती.