थोरलीचा पट्टा

चेपुराई माझी थोरली सवत. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. आमच्या पोकोट लोकांच्या वस्तीतली निम्मी बाळंतपणं तिनंच केलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाली, "कामाला उभी राहशील, की नुसती मिरवशील?" आणि मला कळा सुरू झाल्या तेव्हा माझी पाठ चोळत बसली. अशा बाईशी भांडायचं तरी कसं? तरी मी भांडायचेच.

लागोपाठ तीन पावसाळे कोरडे गेले. पूर्वी असं होत नव्हतं. नदी आटली, वळणाखाली एकच डबकं उरलं. आमची गुरं, पलीकडच्या तुर्काना लोकांच्या शेळ्या, माणसं, सगळ्यांची तोंडं त्यातच. मग जुलाब-उलट्या सुरू झाल्या. माझी लेक चेसांग सकाळी हसत होती, संध्याकाळी गेली. दवाखान्यातली बाई म्हणाली, कॉलरा आहे, पाणी उकळून प्या. वस्तीतली तरणी पोरं म्हणाली, तुर्कानांनी विष कालवलं. मला पोरांचंच पटलं. डबक्यावर राग कसा काढणार?

चेपुराईचा एकुलता एक मुलगा रिओंगो बंदूक घेऊन निघाला, मागे त्याचे सोबती. आमच्यात मुलगा लढायला निघाला की आई आपला बाळंतपणातला कवड्यांचा पट्टा स्वतःच्या कमरेला बांधते. मग त्याला गोळी लागत नाही.

"आई, पट्टा बांध."

तिनं पट्टा आणला आणि वाटेत आडवा टाकला. आईचा पट्टा ओलांडून गेलेला परत येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"आता जा," ती म्हणाली.

"उचल तो! त्यांनी आपल्या चेसांगला मारलं."

"गाढवा, तेही तेच पाणी पितात. त्यांचीही पोरं मरताहेत. आपल्याच पाण्यात विष कोण कालवतं रे?"

रिओंगो माझ्याकडे वळला. "धाकटे आई, पोर तुझी होती. तू सांग. जाऊ?"

'जा' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण थोरलीचे हात थरथरत होते. इतक्या वर्षांत, इतक्या अडलेल्या बायका सोडवताना ते कधी थरथरले नव्हते. मी माझा पट्टा आणला, चेसांगच्या वेळी बांधलेला, आणि तिच्या पट्ट्याशेजारी ठेवला.

सोबती गुमान परत फिरले. रिओंगो बंदूक टाकून मटकन खाली बसला आणि रडू लागला. चेसांग गेल्यापासून सगळे तिच्यासाठी चिडले होते. रडताना मी तोवर कुणालाच पाहिलं नव्हतं.