तिसरं टेंडर

साहेबाच्या टेबलासमोर चार खुर्च्या होत्या. एकीवर बापू बसला. दुसरीवर बापूचा साळा. तिसरीवर कॉम्प्युटरवाला. चौथीवर साहेबाची बॅग होती. काळी, चामड्याची, पोट फुगलेली. मी बॅगेकडे पाहिलं, साहेबानं माझ्याकडे पाहिलं. बॅग कोणी उचलली नाही.

मी उभा राहिलो. वय सत्तरीच्या पुढं. गुडघ्यांत वंगण उरलेलं नाही.

शहरात रस्त्यावर आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या उचलायचा ठेका निघाला होता. टोईंगचा. त्या दिवशी टेंडर उघडणार होतं. भरणारे तिघं. बापू, त्याचा साळा अन् मी. शहर कोणतं ते सांगत नाही. वऱ्हाडातलंच आहे, एवढं पुरे.

साहेबानं पडद्यावरचा पहिला भाव वाचला, बापूचा. मग साळ्याचा, थोडासा वर. तिसरा वाचायच्या आधीच त्याले हसू आलं.

“बाबा, तुमची क्रेन सोन्याची आहे का हो?”

सगळे हसले. चहा घेऊन आलेला शिपाईही हसला, त्याले काय समजलं कोण जाणे. पडद्यावर माझं नाव होतं. नावासमोर आकडा. वाचण्यात मी कच्चा आहे, पण आकडे मले येतात. तो आकडा माझा नव्हता. मी सांगितलेल्या भावाच्या दुपटीहून वर होता.

“साहेब, हा भाव मी भरला नाई.”

“सही तुमचीच आहे ना?”

“सही माझी हाय. भाव माझा नाई.”

“ज्याची सही त्याचा भाव,” साहेब म्हणाला. अन् शिपायाले म्हणाला, “यांना बाहेर बसव रे.”

बसव म्हणाला. बाहेर बसायले काही नव्हतं. भिंत होती, अन् भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या होत्या. तिथं मी उभा राहिलो. पांढरा शर्ट घातला होता मी. बायकोनं इस्त्री करून दिला होता.

आता हे कसं झालं ते सांगतो.

माझं गाव वलगावजवळचं. शिक्षण चौथी. अमरावती ते अकोला या रस्त्यावर चाळीस वर्षं मी गाड्या उचलतो. पहिले दुसऱ्याच्या गॅरेजात, मग स्वतःच्या क्रेनवर. आता दोन क्रेन आहेत. शेंदूरजनाघाटचा संत्र्याचा ट्रक उलटला की लोक संत्र्याकडे पळतात. मी ड्रायव्हरकडे पळतो. भरला ट्रक तसाच उचलला तर चेसी वाकते, आधी माल उतरवावा लागतो. कारचा हँडब्रेक पाहावा लागतो, नाहीतर टायर सोलून निघतात. हे कोणत्या शाळेत शिकवत नाहीत. मले येतं.

माझ्या धंद्यात एक रीत आहे. गाडी उचलायच्या आधी मालक चावी देतो. रस्त्यावर, अनोळखी माणसाच्या हातात. चावी घेतली की गाडीतलं काही हलवायचं नाही. डॅशबोर्डावरचा देवही मी कधी वाकडा होऊ दिला नाही. अन् गाडी पोचवली की चावी मालकाच्याच हातात. शेजाऱ्याच्या नाही, साळ्याच्या नाही. चाळीस वर्षं लोकांनी मले चावी देली अन् झोपायले गेले. त्याच्यामुळं मले वाटायचं, दुनिया अशीच चालते.

बापू एक दिवस माझ्या शेडवर आला. वय माझ्या मोठ्या पोराएवढं, पण सगळे बापू म्हणतात. नाल्या, रस्ते, कचरा, सगळे ठेके त्याचे. पांढरी गाडी सावलीत लावली अन् माझ्या बाजेवर बसला. बायकोनं चहा आणला. त्यानं पेला. त्याच्या घराण्यातला माणूस आमच्या घरचा चहा पेला म्हणून मी खूश झालो. माझी पहिली चूक हीच. चहा पेल्यानं माणूस बरोबरीचा होत नाही, हे या वयात मले ठाऊक असायले पाहिजे होतं.

“काका, टोईंगचं टेंडर निघून राहिलं. तुमच्याएवढा अनुभव कोणाले हाय? तुमीबी भरा. मीबी भरून राहिलो. ज्याचं नशीब त्याले लागन.”

“मले कॉम्प्युटर येत नाई, बापू.”

“मंग आमी कायले हाव?”

त्याच्या माणसानं मोबाईलसमोर उभं करून माझं नाव माझ्याच तोंडून वदवून घेतलं. म्हणे डिजिटल सहीले लागतं. मी नवा शर्ट घातला, केस ओले करून बसवले. बायको दाराआडून म्हणाली, “लग्नात बी एवढे सरळ उभे नव्हते राहिले.” चार दिवसांनी सही आली. पेनड्राईव्हसारखी, बोटाएवढी. मी ती हातात धरून पाहिली. लई आनंद झाला. चौथी शिकलेल्या माणसाची सही मशीनमध्ये गेली होती.

“हे आमच्या ऑफिसातच राहू द्या काका,” बापू म्हणाला. “घरी हरवून बसान.”

मी देऊन टाकली. चावी देतात तशी. वरून कागदांचा एक गठ्ठा आला, त्याच्यावर बापूच्या माणसानं जिथं बोट ठेवलं तिथं सह्या केल्या. काय आहे ते विचारलं नाही. विचारलं तर अडाणी दिसलो असतो. माझा भाव मी तोंडानं सांगितला. डिझेल, माणसं, टायर, सगळं धरून सांगितला. बापूनं मान हलवली, लिहूनही घेतला.

अन् टेंडर उघडायच्या दिवशी मी पिचकाऱ्यांच्या भिंतीले टेकून उभा.

बापू बाहेर आला. हातात पेढ्याचा डबा. भाव आत्ता उघडला, डबा कधीचा आणून ठेवलेला. त्यानं माझ्या हातात पेढा ठेवला. मी तो तोंडात टाकला. हे सांगायची लाज वाटते, पण खरं सांगायचं तर सगळंच सांगायचं. कोणी हातात देल्लं की खायची आमच्या पिढीची सवय जात नाही.

“चिडता कायले काका? तीन टेंडर यावं लागते. दोनच आले तर पुन्हा काढा म्हणते वरून. तुमी सपोर्ट होते.”

“सपोर्ट म्हंजे?”

“म्हंजे तिसरे.” तो हसला. “अन् काम तर तुमीच करान. गाड्या तुमच्या, माणसं तुमची. कागद माझ्या नावावर, एवढंच. ओढायचं काम तुमच्या रक्तातच हाय. तुमच्या बापानं आमच्या आज्याची ढोरं ओढली, तुमी कारा ओढा.”

साळा म्हणाला, “पिढीजात अनुभव हाय भाऊ. सर्टिफिकेट जोडाचं राहूनच गेलं.”

तोंडात पेढा होता. गिळताही येईना, थुंकताही येईना. शेवटी त्या भिंतीवरच थुंकलो. आजवर मी कधी सरकारी भिंतीवर थुंकलो नव्हतो.

बापाचं सांगतो.

गावात ढोर मेलं की माझ्या बापाले हाक यायची. बाप दोर घेऊन जायचा अन् ओढत गावाबाहेर न्यायचा. मोबदला म्हणजे तेच मढं. नागपूरच्या दीक्षेनंतर बापानं ते सोडलं. मी तेव्हा एवढासा होतो, पण एक दिवस मले साफ आठवतो. बापूच्या आज्याचा बैल मेला. त्याचा गडी आमच्या दारात आला. बाप म्हणाला, “दोर नाई आता.” गडी म्हणाला, “मंग कोण ओढन?” बाप म्हणाला, “ज्याचा बैल त्यानं.” तीन दिवस तो बैल त्यांच्या गोठ्यात पडून होता. तीन दिवस गावाले वास आला. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः ओढला, नाकाले फडकी बांधून. त्याच्यानंतर आम्हाले वर्षभर त्यांच्या वावरात कोणी कामावर बोलावलं नाही. बाप वलगावच्या बाजारात हमाली करायले लागला.

मी पहिली क्रेन घेतली तेव्हा बाप म्हातारा झाला होता. शेडवर आला, साखळीले हात लावला, हूक पाहिला. मग म्हणाला, “पुन्हा दोर हाती घेतला का रे?”

मी म्हटलं, “लोखंडाचा हाय. अन् माझा हाय.”

त्यानं साखळी सोडून देली. मरेपर्यंत त्या क्रेनवर कधी बसला नाही. मले तेव्हा त्याचा राग आला होता. त्या दिवशी ऑफिसातून घरी येताना एसटीत मले समजलं, म्हाताऱ्यानं काय विचारलं होतं.

घरी झेरॉक्सची थैली पडली होती, बापूच्या माणसानं देलेली. ती घेऊन मी शबानाकडे गेलो. तिचं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आमच्या चौकात आहे. तिनं एकेक कागद वाचला. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

“चाचा, ये भाडे करार है. तुमच्या दोन्ही क्रेन बापूले भाड्यानं. त्याच्याकडे स्वतःची एकबी नाही.”

“अन् माझ्या टेंडरात?”

“त्याच दोन.”

त्याच दोन गाड्या, तेच नंबर, दोन टेंडरांत. साहेबाले दिसलं नसन? सोन्याची क्रेन दिसली त्याले. नंबर दिसला नाही.

“सही कोठी हाय तुमची?” शबानानं विचारलं.

“बापूच्या ऑफिसात.”

तिनं कपाळाले हात लावला.  मले लाज वाटली.

किळस आली. बापूची आलीच. साहेबाची आली. पण खरं सांगतो, सगळ्यात जास्त माझी आली. मोबाईलसमोर केस ओले करून उभा राहिलेला तो म्हातारा मले दिसत राहिला.

मी तिले म्हटलं, “अर्ज टाईप कर. मी सांगतो तसा. अन् पूर्ण वाचून दाखव.”

ठेका पक्का करायच्या आधी गाड्यांची तपासणी असते. बापूचा फोन आला, “काका, दोन्ही क्रेन धुऊन आणा.” धुऊन नेल्या. एक मी नेली, दुसरी माझ्या ड्रायव्हरनं. ऑफिसच्या आवारात बापूच्या माणसांनी माझ्या क्रेनच्या दांड्याले फ्लेक्स बांधला. फ्लेक्सवर बापू हात जोडून हसत होता. मी बांधू दिला.

मग म्हटलं, “बापू, माझी सही आण.”

“आता? नंतर पाहू ना.”

“मंग गाडीबी नंतर चालू होईन.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हातारा हट्टावर आला, देऊन टाका, असं त्याच्या तोंडावर होतं. माणूस पाठवला. अर्ध्या तासात सही आली. मी ती हातात घेतली, उलटीपालटी पाहिली, शर्टाच्या खिशात टाकली अन् बटण लावलं.

साहेब रजिस्टर घेऊन खाली आला. मी पकड काढली अन् फ्लेक्सची सुतळी तोडली. बापू तोंडावर पडला. फ्लेक्सवरचा.

“हे काय करता बाबा?” साहेब.

“साहेब, या गाड्या माझ्या हायेत. बापूच्या नाईत. करारावर न सांगता सही घेतली माझी. भाड्यानं देल्या नाईत, देणार नाई. माझ्या टेंडरात जो भाव हाय तो मी भरला नाई. सगळं या अर्जात लिवलं हाय.”

“अर्ज आवक विभागात द्या.”

“तथीबी देतो. तुमीबी घ्या. अन् पोच द्या.”

“काका, येडे झाले का?” बापू माझ्या कानाशी आला. “धंदा बसन तुमचा. पोलिसाचा एक फोन नाई येणार तुमाले.”

“तुया आज्यानंबी वावर बंद केलं होतं आमाले,” मी म्हणालो. “पण बैल स्वतःच ओढला त्यानं. तुले ओढाच्या असतीन कारा, तर ओढ.”

आवारात माणसं जमली होती. साहेब त्यांच्याकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. मी शिक्का मारून हातात येईपर्यंत हललो नाही. पोच घेतली. दोन्ही क्रेन घेऊन निघालो. माझा शर्ट घामानं चिकटला होता. हेही सांगतो. शूर वगैरे मी नव्हतो.

पुढं काय झालं? बापूच्या नावावर ठेका गेला नाही. टेंडर रद्द झालं, नवं निघालं. बापूले काही झालं नाही. साहेब त्याच खुर्चीवर आहे. अन् बापू बोलला होता तसं झालं. अपघात झाला की पोलिसांचा पहिला फोन मले यायचा, तो बंद झाला. माझी एक क्रेन शेडमध्येच असते. ते फोन आता बापूले जातात. त्यानं नागपूरहून जुनी क्रेन घेतली म्हणतात, हँडब्रेक न पाहता उचलतात, कारांचे टायर सोलतात. चौकात कोणी मले ‘तिसरे’ म्हणून हाक मारतं. मारू द्या.

बायकोनं विचारलं, “पुन्हा भरता का?”

“भरतो.”

“अन् लागलं नाई तर?”

“तर नाई लागन.”

बापानं दोर फेकला. मी फेकणार नाही. बापा, तू विचारलं होतं त्याचं उत्तर तेव्हा मी अर्धंच देलं. लोखंडाचा आहे म्हटलं, माझा आहे म्हटलं. माझा होता कुठं? ज्याच्या नावावर कागद, त्याचा दोर. आता कागद माझ्या नावावर निघन, नाहीतर दुसऱ्या कोणासाठी ही साखळी खाली उतरणार नाही. उभी क्रेन गंजली तरी चालन.

नवं टेंडर मी भरलं आहे. शबानाच्या दुकानात, माझ्या डोळ्यांसमोर. प्रत्येक पान तिनं वाचून दाखवलं, एक ओळ समजली नाही तर मी पुन्हा वाचायले लावली. अडाणी दिसलो. दिसू द्या. भाव माझा आहे. सही माझ्या खिशात आहे, बटणाच्या आत.

येत्या सोमवारी टेंडर उघडणार आहे. मी जाणार आहे. चौथ्या खुर्चीवर बॅग असली तर वाट पाहणार नाही, कोणाच्या तोंडाकडे पाहणार नाही. बॅग मीच उचलीन, बाजूले ठेवीन अन् बसीन. उचलायचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे मले.