मे महिन्यातलं गोणपाट

"खरं सांग अक्का, काय खाल्लं हिनं?"

लसीची पेटी उघडायच्या आधी भाईची चार बोटं गाईच्या बरगड्यांवरून फिरायची, बाजाच्या पेटीवर सूर शोधावा तशी. अन् बघायचा मात्र माझ्या तोंडाकडं, जणू चोरी मीच केलीय.

गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होता तो, सगळ्या गल्लीचाच भाई. भूकंपात गावचं घर पडलं अन् आम्ही लातूरला पत्र्याच्या शेडात आलो. सोबत ही एकच गाय. शहरात शिकवण्यांना नुकता ऊत आलेला, परगावच्या पोरांच्या मेस निघालेल्या. गाय व्यायली, की दोन्ही वेळचं दूध मेसला. आमची चूल त्यावरच. आता तुम्हीच सांगा, ती आजारी पडून आम्हाला चाललं असतं का?

तेवढ्यात शेजारच्या गल्लीत गुरांना खुरकुताची साथ आली. भाई आला, बोटं फिरवली अन् सुई परत पेटीत ठेवली.

"हिला आज न्हाई."

"का? आमच्या गाईनं काय पाप केलं?"

"उपाशी हाय. लस म्हंजे निस्ती खबर, अक्का. दुश्मन येऊन राहिला, एवढंच सांगती. फौज गाईलाच उभी करायची. अन् फौजेची भाकर तर तू बादलीत काढून राहिलीस! एकच वेळ पीळ. भरडा दे, सरकीची पेंड दे. पंधरा दिवसांनी बघतो."

पेंड म्हटल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकली. पेंडवाल्याशी साटंलोटं असणार! अन् आमच्या वाट्याची लस कुण्या मोठ्या गोठ्यात गेली असणार. तशीच तरातरा दुकानात गेले. भाईचं नाव काढताच दुकानदार उसळला, "त्याचं नाव घेऊ नका मावशी! मूठभर पेंड उचलतो, फुंकतो अन् गिऱ्हाइकासमोर म्हणतो, भुसा हाय!"

एक संशय फिटला. दुसरा मी पोसला. पेंड दिली, पण चिमूटभर. दूध दोन्ही वेळा काढलं. अन् भाई यायच्या दिवशी गाईच्या पाठीवर गोणपाट टाकलं. भर मे महिन्यात!

भाई दारातच थबकला. "थंडी वाजून राहिली का गाईला?"

त्यानं गोणपाट उचललं न्हाई, खालून नुसता हात घातला.

"मला फसवशील, अक्का. रोगाला गोणपाट दिसत न्हाई."

मग मात्र मेसवाल्याला सांगून आले, की सांजचं दूध बंद. शिव्या खाल्ल्या त्याच्या. महिन्याभरात बरगड्या बुजल्या, तेव्हाच भाईनं सुई टोचली. पुढं खुरकूत आमच्या गल्लीत शिरली, जनावरं लाळ गाळत बसली. आमची गाय उभ्यानं कडबा खात होती.

"योगायोग असंल," मी मुद्दाम म्हटलं.

"असंल," भाई हसला. "संशय बरा असतो. मी तर तुझ्यावर रोजच घेतो."

नंतर त्याची बिलोलीकडं बदली झाली. पुढं कधीतरी गेल्याचंच कळलं.

आता गोठ्याच्या जागी खोल्या आहेत, शिकवणीच्या पोरी राहतात. त्यातल्या एकीला महिन्यात तिसऱ्यांदा ताप आला. मी दारात उभी राहिले.

"खरं सांग, काय खाल्लंस?"

"जेवले की, आजी," ती म्हणाली, अन् एवढ्या उन्हाळ्यात ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली.

माझी चार बोटं आपोआप पुढं झाली.