पोस्टमास्तराचा स्वभाव

आई गेली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी नगरला बी.एड.ला दाखल झाले. त्याआधी चार वर्षं सोनईच्या शाळेत शिकवत होते. घर अकोले तालुक्यात, डोंगराच्या कुशीतलं भातशेतीचं गाव. आई तिथंच वारली, तापानं, पाच दिवसांत. मी शेवटचे तीन दिवस जवळ होते. मी रडले नाही. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "शिकल्यावर मानसं कोरडी व्हत्यात." मला त्याचा राग आला नाही. कशाचंच काही वाटत नव्हतं.

वसतिगृहात माझ्या खोलीत तिसगावची एक बाई होती. वयानं माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी, मुसलमान, दोन मुलांना सासूजवळ ठेवून आलेली. सगळ्या तिला आपा म्हणायच्या, मीही म्हणू लागले. पाण्याची टंचाई होती. दोघींत रोज एक बादली मिळायची. आपा आधी मला अंघोळ करू द्यायची आणि उरलेल्या पाण्यात स्वतःचं भागवायची. मी नको म्हणतही नसे.

मानसशास्त्र शिकवणारे सर उंच, मृदू बोलणारे होते. दिवाळीच्या आधी त्यांनी फळ्यावर चार शब्द लिहिले : विचार, भावना, संवेदन, अंतःप्रज्ञा. मन ही चार कामं करतं, ते म्हणाले. प्रत्येकात त्यातलं एक पुढं असतं, एक त्याला हात देतं, आणि एक सगळ्यात मागं पडलेलं असतं. शिवाय ते काम बाहेरच्या जगाकडं तोंड करून चालतं की आतल्या, हेही बघायचं. मग त्यांनी आम्हाला काम दिलं. कथा-कादंबरीतलं एक माणूस घ्यायचं आणि त्याचा प्रकार ठरवायचा.

"खरं माणूस का नको, सर?" कुणीतरी विचारलं.

"खऱ्या माणसाबद्दल आपण फार लवकर मत करतो. पुस्तकातल्या माणसाचा पुरावा सगळ्यांना सारखाच उपलब्ध असतो."

मी वाचनालयातून एक जुनी कादंबरी आणली. मुखपृष्ठ फाटलेलं, लेखकाचं नाव गेलेलं. त्यात एक खेड्यातला पोस्टमास्तर होता. एका दुपारी तारयंत्र वाजू लागतं आणि तो सवयीनं अक्षरं उतरवत जातो. उतरवून झाल्यावर लक्षात येतं की तार त्याच्याच नावची आहे, धाकटा भाऊ गेल्याची. तो वेळ लिहितो, शिक्का मारतो, कागद पाकिटात घालतो, पाकिटावर स्वतःचं नाव घालतो आणि पोचवहीत स्वतःच घेणाऱ्याची सही करतो. मग उरलेली पत्रं लावायला बसतो.

मी तीन दिवसांत दहा पानं लिहून काढली. माझा निष्कर्ष असा होता की हा माणूस संवेदनप्रधान, अंतर्मुख. डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, तेवढंच त्याच्यापाशी पोचतं. भावना त्याच्यात पार मागं. त्याला काही वाटलंच नाही, असं मी तीन ठिकाणी लिहिलं.

सरांनी मला बोलावून घेतलं. वही त्यांच्यासमोर उघडी होती.

"चांगलं लिहिलंय. पण हे बघा. 'खिडकीच्या गजाला बांधलेल्या फडक्यावरचा हळदीचा डाग त्याला स्पष्ट दिसत होता.' हे कुठल्या पानावर आहे?"

मी पुस्तक उघडलं. तारेचा प्रसंग वाचला, त्याच्या मागचं-पुढचंही पान वाचलं.

"आणि रॉकेलचा वास? वाटीतल्या पेजेवर धरलेली साय?"

सर घाई करत नव्हते. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. पुस्तकात खिडकीच नव्हती. ते फडकं आमच्या घरी होतं, आई निजली होती त्या खोलीत. पेजेची वाटी तिच्या उशाशी होती आणि ती थंड झाली म्हणून मी उचलून स्वयंपाकघरात नेली होती. तेवढ्यात आई गेली.

"नाही सर, पुस्तकात नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि वही मिटून माझ्या हातात दिली. "पुन्हा लिहा. फक्त पुस्तकातलं घ्या. आठ दिवस घ्या हवे तर."

खोलीवर येऊन मी हे आपाला सांगितलं. ती मुलाच्या सदऱ्याला बटण लावत होती. तिनं दोरा दातानं तोडला.

"मला वाटलंच होतं. तू वाचून दाखवलंस तेव्हा मी म्हटलं, पोस्टात पेज कुठून आली."

"मग बोलला का नाहीत?"

"तू लिहीत होतीस. लिहू दिलं."

दुसऱ्यांदा मी कादंबरी पेन्सिल घेऊन वाचली. पहिल्या वेळी एक गोष्ट मी नुसती ओलांडून गेले होते. भावाच्या तारेनंतर हा पोस्टमास्तर मृत्यूची तार कधी शिपायाकडं देत नाही. कितीही लांब असो, स्वतः चालत जातो, तार हातात देतो आणि घरचे वाचून होईपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा राहतो. एक शब्द बोलत नाही. असा नियम खात्यात नाही. तो त्यानं स्वतःशी केलेला, आणि का केला ते तो कुणालाच सांगत नाही, बायकोलाही नाही. आधी मी हे कर्तव्याच्या खात्यात टाकलं होतं. आता लिहिलं : भावना पुढं, तोंड आत वळलेलं, संवेदन तिला हात देतं. सहा पानं झाली. सरांनी शेवटी लिहिलं, 'आता हा माणूस पुस्तकातला आहे.'

आपानं विचारलं, "आणि तुझा प्रकार कोणता?"

"मला सांगता येत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि बादली घेऊन रांगेला गेली.

दिवाळीला घरी गेले. सण करायचा नव्हताच. दुपारी वडील ओट्यावर भाताच्या रिकाम्या पोत्यांची भोकं शिवत होते. त्यांना वाचता येत नव्हतं. तिकडं काय शिकवतात, असं त्यांनी विचारलं, म्हणून मी पोस्टमास्तराची गोष्ट सांगितली. ते दाभण चालवत ऐकत राहिले.

"त्या दिशी जेवला का त्यो?"

"लिहिलेलं नाही."

"जेवला आसंल," ते म्हणाले. "आमी जेवलो हुतो. शेजारनं भाकरी आल्ती. तूबी खाल्लीस."

मला ते आठवत नव्हतं. मी विचारलं, "मी काय करत होते?"

"भांडी घासत हुतीस. घासलेली पुन्यांदा घासत हुतीस. म्या म्हनलं घासू दे."

त्यांनी पुढचं पोतं ओढलं. मी दुसरं टोक ताणून धरलं, म्हणजे शिवण सरळ येते. तिन्हीसांजेपर्यंत आम्ही सात पोती शिवली. आत्या मधे एकदा चहा देऊन गेली.

वर्ष संपलं, मी पास झाले आणि सोनईला परत गेले. आपा तिसगावला गेली. एकदा तिचं कार्ड आलं. धाकट्याला गोवर झाला होता, आता बरा आहे. मी उत्तर लिहिलं. त्या वर्षी आठवीच्या वर्गात एका मुलीचे वडील वारले. ती चौथ्या दिवशी शाळेत आली आणि नेहमीसारखी पहिल्या बाकावर बसली. तास झाल्यावर बाकीच्या शिक्षिका म्हणाल्या, पोरगी दगड आहे. "बसू दे तिला," मी म्हणाले, हजेरीपट शिक्षकखोलीत ठेवला आणि पुढच्या तासाला गेले.