चंदेरी टोपण

डोळे बांधून कुणी तुम्हाला अधांतरी सोडलं, तर वर कुठं आन् खाली कुठं, सांगाल? छातीठोक सांगू नका. अंतराळात गेलेल्या यानालाही ते आपसूक कळत नाही, शोधावं लागतं.

दोन हजार चार साली कारेगावातल्या पोपटरावांच्या शेडात ते शोधणारी पाटी तयार झाली. ॲल्युमिनियमची. तीन कोपऱ्यांत तीन अँटेना, प्रत्येकीवर चिकटवलेलं प्लॅस्टिकचं टोपण. जीपीएस उपग्रहांचे संदेश तिघींना केसभर मागंपुढं पोचतात; त्या फरकावरून पाटी कशी कललीय ते कळतं. पाटी बनवून घेणाऱ्या पुण्याच्या अनुपमा मॅडमना हे पाठ होतं. रंगारी इनुसमामांना कुणी सांगितलंच नव्हतं. रंगाऱ्याला कशाला सांगायचं?

मामा दौंडचे. त्यांचा एकच हेका: चंदेरी हात फिरल्याशिवाय माल दाराबाहेर पडायचा नाही.

भर उन्हात शेजारच्या गच्चीवर चाचणी लागली. दोन अँटेना बोलल्या, तिसरी मुकी.

"दोघींवर नुसती त्यांच्यातल्या रेषेची दिशा कळते, सळईसारखी," मॅडम म्हणाल्या. "सळईवर खोचलेलं कणीस किती फिरलं, ते नाही कळत. तिसरी नसेल तर ही पाटी मी नेणार नाही."

पोपटराव निखतवर घसरले. वायर तिनं जोडलेली. पाबळला वायरिंग शिकलेली पोरगी, नोकरी नवी.

"उद्यापास्नं येऊ नको!"

"शेठ, जोड पक्का आहे. मी तपासलाय."

"मग उपग्रह बिघडला व्हय?"

मॅडम पाटीवर वाकल्या. "दोन टोपणं पांढरी, एक चंदेरी. असं का?"

मामा पुढं आले. मालाला उठाव यावा म्हणून कालच त्यांनी ब्रश मारला होता. एका टोपणावर डबा संपला, म्हणून दोन वाचली.

"ह्यो हात माझा हाय. पर रंगानं काय हुतंय, मॅडम?"

"त्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते, मामा. अँटेनावर पत्रा ठोकल्यासारखं झालं."

थिनर लावावा तर प्लॅस्टिक विरघळणार. दुसरं टोपण नाही. मामांनी दाढीचं पातं घेतलं आन् रंग खरवडायला बसले.

"तडा गेला तर दोघंबी घरी!" पोपटराव डोक्यावर उभे.

"शेठ, सावली पडतीया. बाजूला व्हा."

शेवटचा चंदेरी पापुद्रा उडाला. संगणकाच्या पडद्यावर काहीच नाही. निखतनं ओढणीचं टोक दातात धरलं. मग तिसऱ्या अँटेनाची रेघ हलली. मॅडमनी पाटी तिरपी केली. पडद्यावरचे आकडे तिच्यामागं बदलत गेले.

"चहा सांगा रे!" पोपटराव एकदम गोड.

"चहा मागनं," मामा उठले नाहीत. "आधी पोरीला उद्या ये म्हणा."

"ये की! कोण नको म्हणलं?"

हे असं असतं. बोलणारा विसरतो, ऐकणारी विसरत नाही.

तुमचंही शेड असेल, हापिस असेल. हातात काम देताना ते कशासाठी आहे, एवढं सांगत जा. रंगाऱ्यालासुद्धा.