सोनबा सिलिकॉनवाला

मी चांगदेव, पिंपळवंडीचा. आमच्या घरात राग माझ्या वाट्याला आला आन शहाणपण बायकोच्या, साळुबाईच्या. तवा सोनबाची गोष्ट सांगताना मधीच आवाज चढला तर सांभाळून घ्या राव. हिच्यात चूक माझीच हाय, म्हणून तर जास्त चढतो.

आळेफाट्याला नाशिक रोडवर माझं कापडाचं दुकान. इमारत ब्याण्णव साली बांधली, वर सपाट गच्ची. दुसऱ्याच पावसाळ्यात ती गळायला लागली. डांबर वतलं, ते उन्हानं पाघळलं. विटांचा कोबा केला, त्याला भेगा पडल्या. ताडपत्री टाकली, ती वाऱ्यानं जी गेली ती परत दिसली न्हाई. बस्त्याला आलेली पावणं पैठणी बघायची, मानंवर थेंब पडला की म्हणायची, "शेठ, दुकानात पाऊस फुकट देता व्हय?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सोनबा लोणीचा. बाप, आजा, सगळे मेंढरांमागं. दिवाळी झाली की वाडा, म्हंजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, घाट उतरून कोकणात जायचं ते पावसाच्या तोंडावर माघारी यायचं. त्याची पोरगी प्रांजल वाटंतच जन्मली, एका दगडाच्या आडोशाला. बायको म्हाळसाबाई दुसऱ्या दिवशी तान्हं लेकरू पाठीला बांधून चालायला लागली. ती चालताना बघून सोनबानं ठरवलं, ही पोर वाडा घेऊन हिंडणार न्हाई. मेंढरं धाकट्या भावाच्या हवाली केली आन चाकणला कंपन्यांच्या छतांवर कामाला लागला. तिथं गळती बंद करणारा सिलिकॉनचा थर द्यायला शिकला. सात वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबून गावाकडं आला. माझी गच्ची हे त्याचं स्वतःचं पहिलं काम.

"अण्णा," तो मला आधीच म्हणाला, "हे साधलं तर फुडची कामं मिळतील, पोरगी शाळंत राहील. न्हाई साधलं तर दिवाळीनंतर भावाबरोबर निघावं लागंल. त्याला एकट्याला मेंढरं झेपत न्हाईत."

दोन हजार सहाचा दसरा झाला आन त्यानं काम धरलं. तारंच्या ब्रशानं गच्ची घासली, तीनदा धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली. मग पांढरा रुमाल फिरवून बघायचा. रुमाल मळला की पुन्हा धुणं.

"अरं, गच्ची हाय का नवरी?" मी वैतागलो.

"ह्या मालाखाली कणभर धूळ चालत न्हाई अण्णा. धरला तर सोडत न्हाई, पण खाली काय असंल तर सालीसारखा निघतो. उद्या सकाळी पहिला हात."

आता माझं शहाणपण ऐका. सकाळी लवकर उठून मी आंघोळ केली आन दुकानातल्या देव्हाऱ्यातला भंडारा घेतला, खंडोबाची हळद. आमच्याकडं विहिरीवर मोटर बसवली तरी भंडारा उधळतात. इथं तर खंडोबाचाच भगत काम करणार, मग भंडाऱ्याशिवाय कसं चालंल? अनवाणी गच्चीवर गेलो, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणलं आन तीन मुठी उधळल्या. वाऱ्यानं सगळी हळद उगवतीच्या कोपऱ्यात नेली. पिवळं दिसायला नको म्हणून वरवर झाडून बी घेतलं. खाली येऊन मोठं पुण्य केल्यागत चहा प्यालो.

सोनबा आला, गच्चीच्या मधोमध रुमाल फिरवला, साफ निघाला. दिवसभर रोलर चालवला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर आडवा हात दिला. गच्ची पांढरीशुभ्र झाली. आठवडाभर सुकू दिल्यावर पाणी जायची भोकं बुजवली आन बोअरचं पाणी सोडून गच्ची घोटाभर भरली. कामाची परीक्षा अशीच घेतात.

सकाळी दुकान उघडलं तर उगवतीच्या भिंतीला पाणी, खाली शालूंचा गठ्ठा भिजलेला. माझं डोकं फिरलं. लोकांदेखत सोनबाला न्हाई न्हाई ते बोललो. "मेंढरं राखणाऱ्यानं मेंढरंच राखावीत" असं बी बोललो. त्या बोलण्याची मला आज बी लाज वाटते.

तो तडक गच्चीवर गेला. पाणी सोडून दिलं, त्या कोपऱ्यात बसून नखानं थर उचलला. दुधावरची साय निघावी तसा तो हातात आला. उलटा केला तर खालनं पिवळा. सोनबानं वास घेतला आन त्याचं तोंडच उतरलं.

"भंडारा हाय अण्णा. कुणी टाकला?"

आन मी, फाट्यावरचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस, मूग गिळून गप्प बसलो.

दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. कामाला यश यावं म्हणून तूच टाकलास का, असं म्हाळसाबाईला विचारलं, तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की मी टाकला न्हाई. मग टाकला कुणी? देवानंच. खंडोबाच सांगतोय, हे काम तुझं न्हाई, मेंढरांकडं माघारी जा. तेवढा कोपरा नीट करून देतो आन वाड्याबरोबर निघतो.

दुपारी जेवताना मी साळुबाईला सगळं खरं सांगितलं. तिनं माझ्या फुडचं ताट उचललं. "आवो, त्या पोरीची शाळा सुटतीय आन तुमाला भाकरी ग्वाड कशी लागती?"

तसाच फटफटीवर लोणी गाठली. म्हाळसाबाई भांडी गोणीत भरत व्हती. प्रांजल दप्तर मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेली. सोनबा शाळंतनं दाखला काढायला निघाला व्हता, पायात वहाणा घालत व्हता. मी दारातच बोललो, "सोनबा, भंडारा मी टाकला. तीन मुठी. तू यायच्या आधी."

"तुमी?"

"मी. देवाचा काय संबंध न्हाई. गाढवपणा माझा, आन वर तुलाच बोललो. माफ कर मला."

"अगं बया!" म्हाळसाबाईच्या हातातलं पातेलं खाली पडलं आन ती हसायलाच लागली. सोनबा उंबऱ्यावर बसला. "म्हंजे देव रागावला न्हाई," तो म्हणाला, "आन माझा हात बी चुकला न्हाई." एवढं बोलून तो गडी ढसाढसा रडला. माझ्या छातीवरचा धोंडा तवा उतरला.

त्यानं कोपरा खरवडला, धुतला, वाळवला आन नव्यानं थर दिला. मी गच्चीच्या जिन्याला कुलूप लावून किल्ली त्याच्याच हातात दिली. पुन्हा पाणी भरलं, आन ह्या वेळी तीन दिवस ठेवलं. साळुबाई दर घंट्याला वर बघायची, मी बघतच न्हवतो, भ्याव वाटायचं.

तिसऱ्या दिवशी म्हाळसाबाई पोरीला घेऊन आली. दुकानातल्या स्टुलावर चढली, उगवतीच्या कोपऱ्यात छताला तळहात लावला. काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला.

"कोरडं हाय," ती म्हणाली. "ठणठणीत कोरडं."

प्रांजल बापाकडं बघत व्हती. "आबा, मग सुट्टी संपल्यावर मी शाळंतच जायचं ना?"

सोनबानं तिला उचलून उराशी धरलं. मीच म्हणालो, "व्हय गं बाय, शाळंतच जायचं."