घड्याळाचे काटे ढकलायची सवय

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचं बिंग फुटलं.

घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडत होतं. आमचे मालक भरवेलीच्या खाणीत कामाला होते. सकाळी आंघोळ झाली की रेडिओच्या बातम्यांवर काटे पुढे ढकलायचे आणि म्हणायचे, "मिनिटाचा फरक नाही." ते गेल्यावर मीही तेच करत आले. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी स्टुलावर चढायला मना केलं. सहा दिवसांत घड्याळ तासभर मागे. मी टोल्यांवर डोळ्यात थेंब टाकायची, म्हणजे तेही तासभर उशिरा.

मुलगा मलाजखंडला नोकरीला. भेटायला आला तेव्हा त्याला हे कळलं आणि तो भडकला.

"मोबाइलमधी अलार्म लावून देल्ला होता ना?"

"तो वाजला तं मी हॅलो हॅलो करत बसली."

"चाल मंग माह्यासंगं."

"मले नाही यायचं. माह्यं घर इथं आहे."

"दहा दिवसानं येतो. घडी बरोबर चालली तं राह्य, नाही तं सामान बांध."

मी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या घडीसाजाला बोलावलं. त्यानं लंबकाखालचा नट दाखवला. गंजून बसला होता.

"काकी, याले कोणी हातच नाही लावला. काटे ढकलून घडी सुधरते का?"

नवऱ्याची चूक परक्यानं काढलेली मला आवडली नाही, पण चूक तर होतीच.

त्यानं घासलेट लावून नट मोकळा केला, बराच वर चढवला. घड्याळ रेडिओवर लावलं आणि म्हणाला, "नट वर गेला की घडी तेज, खाली आला की सुस्त. आता काट्याले हात नाही लावायचा. रोज फरक पाहा आन् अर्धा फेरा फिरवा."

स्टुलावर चढायची मनाई तोवर उठली होती. दुसऱ्या दिवशी एकच्या बातम्यांना घड्याळ तीन मिनिटं मागे. मी नट चुकून उलटा, अर्धा फेरा खाली फिरवला. त्यापुढच्या दिवशी सात. म्हणजे एका दिवसात चार. चौथी पास आहे, वजाबाकी येते. मग नट वर, एकदम दीड फेरा. आठ झाले, नऊ झाले, मग आणखी अर्धा फेरा दिला आणि फरक तिथेच थांबला. काटे ढकलायला हात शिवशिवत होते. ढकलले नाहीत.

मुलगा आला. फोन काढून पाहिलं.

"आई, हे तं नऊ मिनिटं मागं आहे!"

"कालही नऊच होतं, परवाही नऊच. वाढून नाही राह्यलं. उद्या पाह्य."

तो मुक्कामाला थांबला. दुसऱ्या दिवशी एक वाजता त्यानं फोन घड्याळाशेजारी धरला. नऊच.

फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "हौ, ठीक आहे. पण हे नऊ मिनिटं तं पुढं कर."

"स्टूल धर," मी म्हटलं.

काटे नीट लावले आणि त्याला जेवायला वाढलं. दुपारच्या बसनं तो एकटाच मलाजखंडला गेला.